वासोट्याला न मिटणारा चाकू न्यावा का?

सातरस्ता (२ डिसेंबर)

मंडळी, नमस्कार. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही सोलापुरातले नऊ जण वासोट्याला निघालो आहोत. रात्रीच्या गाडीने सातारा, तेथून बामणोली आणि सकाळच्या पहिल्या लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून गडाचा पायथा, असा नेहमीचाच बेत आहे. माझा प्रश्न गडाचा नसून चाकूचा आहे.

भाच्याने स्वीडनहून मोरा कंपनीचा चाकू आणून दिला आहे. पाते सुमारे दहा सेंटिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर जाड, साध्या कार्बन पोलादाचे. मूठ रबरी, म्यान प्लास्टिकचे. हा चाकू मिटत नाही. घरातल्या सुरीसारखा तो सदा उघडाच असतो आणि म्यानात राहतो. गेली पंधरा वर्षे मी खिशात मिटणारा छोटा स्विस चाकू बाळगत आलो, त्याबद्दल कधी कोणी चकार शब्द काढला नाही. या नव्या चाकूचे छायाचित्र मात्र गटावर टाकले आणि आमच्या म्होरक्यांनी ताबडतोब उत्तर दिले, "हा घेऊन आलात तर तुम्ही बामणोलीतच थांबायचे."

मला थोडे लागले, हे कबूल करतो. म्हणून तीन गोष्टी विचारतो. डोंगरात अशा चाकूचा खरोखर उपयोग होतो का? कायदा काय म्हणतो? आणि न्यायचाच झाला तर कमरेला लावावा की पाठपिशवीत ठेवावा?

कडकभाकरी (२ डिसेंबर)

नऊ जणांत एकच चाकू म्हणजे कांदा चिरण्याचे काम कोणाकडे येणार, हे आजच ठरले. तुमच्या जागी मी असतो तर चाकू असल्याचे शेवटपर्यंत कोणाला कळू दिले नसते.

उजनीकाठ (२ डिसेंबर)

बावीस वर्षांच्या भटकंतीत मी चाकूने नेमके काय कापले, याची काल रात्री आठवण करून पाहिली. कांदा, काकडी, लिंबू, गुळाची ढेप, बुटाचा तळ सुटल्यावर तो बांधण्यासाठी कापलेली जुन्या ट्यूबची पट्टी, तंबूची दोरी, चिकटपट्टी, आणि एकदा सहकाऱ्याच्या पॅन्टचा पाय, कारण गुडघा सुजून कापड वर सरकेना. यादी एवढीच. यातले एकही काम असे नव्हते की जे सात सेंटिमीटरच्या मिटणाऱ्या पात्याने झाले नसते.

तरीही न मिटणारा चाकू मला अधिक आवडतो आणि त्याची कारणे अगदी घरगुती आहेत. मिटणाऱ्या चाकूच्या बिजागरीत गूळ, माती आणि पिठले एकत्र जाऊन बसतात. घरी आल्यावर काडीने कोरत बसावे लागते. न मिटणारा चाकू पाण्याखाली धरला, पुसला, म्यानात घातला की झाले. दुसरे कारण म्हणजे मिटणाऱ्या चाकूचे कुलूप ढिले झाले तर जोर लावताना पाते बोटांवरच येते, आणि कित्येक छोट्या चाकूंना कुलूप मुळी नसतेच. एक हात कशाला तरी धरून असताना दुसऱ्या हाताने म्यानातला चाकू काढता येतो. नखाने पाते उघडण्यासाठी मात्र दोन्ही हात मोकळे लागतात.

थोडक्यात तो सोयीचा आहे, अपरिहार्य नाही. तुमच्या म्होरक्यांचा आक्षेप बहुधा दिसण्याला असावा.

बाराबंदी (३ डिसेंबर)

दिसण्याला नव्हे, कायद्याला असावा. मी वकिली करतो, परंतु येथे लिहितो ते सर्वसाधारण माहिती म्हणूनच घ्यावे.

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ यांच्या अनुसूचीत धारदार हत्यारांचा एक वर्ग आहे. त्यात तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर चाकूही येतात. ज्यांचे पाते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद आहे आणि जी घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडवलेली नाहीत, अशी पाती त्या वर्णनात बसतात. ९ इंच म्हणजे जवळपास २३ सेंटिमीटर. सातरस्ता यांचा चाकू त्याच्या निम्माही नाही. "आपले पाते ९ इंचांच्या आत आहे, मग कोण अडवतो?" असा निष्कर्ष अनेकजण येथेच काढतात आणि तेथेच चुकतात.

कारण दुसरा कायदा लांबी मोजतच नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात आणि त्यात दंडुके, तलवारी, भाले, बंदुका यांच्या पंक्तीला चाकू आणि लाठीकाठीही बसलेली असते. सण, यात्रा, निवडणुका, आंदोलने अशा वेळी हे आदेश निघतात आणि बहुधा पंधरा दिवसांचे असतात. आपल्या शहरात पोलीस आयुक्तालय आहे, ग्रामीण भागाची व्यवस्था वेगळी, सातारा जिल्ह्याची आणखी वेगळी. तेव्हा निघण्याच्या दिवशी वाटेत कोठे आदेश लागू आहे का, हे पाहणे शहाणपणाचे. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत कमरेला चाकू लावून शहरातून फिरू नये, हे सांगायला वकील लागू नये.

नंदीध्वज (३ डिसेंबर)

म्हणजे कलम ३७ खाली माझी ट्रेकिंगची काठीही आली! सासऱ्यांच्या काठीचे काय करावे?

बाराबंदी (३ डिसेंबर)

वृद्ध आणि अपंग यांना आधाराच्या काठीसाठी अशा आदेशांत बहुधा सूट दिलेली असते. सासरे निर्धास्त राहोत. जावयाने आदेश वाचावा.

माळटिटवी (३ डिसेंबर)

मी पक्षी पाहण्यासाठी सोलापूरजवळच्या नान्नजला जाते, म्हणून ज्या मुद्द्याला अजून कोणी हात लावलेला नाही तो मांडते. माझ्या मते या धाग्याचे खरे उत्तर तेथेच आहे.

वासोटा कोयना अभयारण्यात येतो आणि कोयना २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी यांच्या पूर्वलेखी परवानगीवाचून कोणालाही शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. आता "शस्त्र" म्हणजे काय? त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये व्याख्या आहे. तीत बंदुका आणि धनुष्यबाण यांच्याबरोबर गळ, जाळी, विष, सापळे आणि चाकू स्पष्ट शब्दांत येतात. किती इंचांचा, मिटणारा की न मिटणारा, असा कोणताही भेद त्या शब्दांत नाही.

म्हणून सातरस्ता यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की पंधरा वर्षे त्यांच्या खिशात असलेला तो छोटा स्विस चाकूही अभयारण्यापुरता त्याच व्याख्येत बसतो. आजवर कोणी विचारले नाही, एवढेच. हाच नियम भीमाशंकरला लागू आहे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसराला आहे, आपल्या जवळच्या येडशी रामलिंग घाटाला आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यालाही आहे.

भीमाकाठचा (३ डिसेंबर)

माळटिटवी ताई, कायद्याचे शब्द मान्य. परंतु आमच्या भागात निम्मे लोक खुरपे नाहीतर कोयता घेऊनच घराबाहेर पडतात. माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र जवळपास ८,५०० चौरस किलोमीटर होते आणि त्यात गावेच्या गावे, शेते, रस्ते सगळे आले होते. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणले गेले. तेवढ्या काळात त्या हद्दीत ज्वारीची काढणी काय लोकांनी नखांनी केली?

माळटिटवी (४ डिसेंबर)

भाऊ, आपल्या रानात खुरपे घेऊन जाणारी बाई आणि तिकीट काढून प्राणी पाहायला आलेला पाहुणा यांतला फरक वनरक्षकाला नजरेने कळतो. बाईच्या हातात खुरपे का आहे, हे तिला कोणी विचारत नाही. पाहुण्याच्या कमरेला म्यान दिसले की पहिला संशय शिकारीचा येतो, आणि ज्या माळावर काळवीट आणि लांडगे आहेत तेथे तो यावाच. मागे आमच्या गटातील एका पाहुण्याच्या पाठपिशवीतून सफरचंद कापण्याची सुरी निघाली. रक्षकाने ती वर्तमानपत्रात गुंडाळून चौकीत ठेवून घेतली आणि संध्याकाळी परत दिली. आवाज चढला नाही, दंडही झाला नाही. मात्र सकाळचा चांगला उजेड असतानाचा पाऊण तास चौकीतच गेला.

रानवाटा_२७ (४ डिसेंबर)

कोणीच बोलत नाही म्हणून विचारतो. स्वसंरक्षणाचे काय? बिबट्या आहे, रानडुक्कर आहे, आडवाटेला माणसेही भेटतात. मोठा चाकू जवळ असला की मनाला धीर येतो.

हिरवीओढणी (४ डिसेंबर)

मी एकटी हिंडते, त्यामुळे हा सल्ला मला आजवर किमान वीस जणांनी दिला आहे आणि त्यांतल्या एकानेही स्वतः कधी चाकू चालवलेला नव्हता. बिबट्या चाकूच्या अंतरावर आला असेल तर चाकू काढायला वेळ उरलेला नसतो. रानडुकराबद्दल तर बोलायलाच नको. आणि डोंगरात माणसांना खरोखर जेरीस आणतात त्या आग्यामोहाच्या माश्या. त्यांच्यावर चाकू चालवून दाखवावा.

माणसांचे म्हणाल तर हातघाईवर आलेल्या झटापटीत माझ्या हातातला चाकू माझ्याच हातात राहील, याची खात्री मला नाही. मी शिट्टी बाळगते, परतीची वेळ घरी लिहून ठेवते आणि गावात ज्यांच्याकडे चहा घेतला त्यांना कोणत्या वाटेने जाते ते सांगून निघते. शिवाय बाराबंदी काकांना विचारून पाहा. चौकीत "कांदा कापायला" आणि "स्वसंरक्षणाला" या दोन उत्तरांत बराच फरक पडत असावा.

बाराबंदी (४ डिसेंबर)

पुष्कळ फरक पडतो. दुसरे उत्तर देणारा माणूस स्वतःच्या तोंडाने सुरीला हत्यार ठरवतो.

शेंगाचटणी (४ डिसेंबर)

साप चावल्यावर चिरा देण्यासाठी चाकू जवळ हवा, असे आमचे आजोबा सांगत. त्या एका कामापुरता तरी तो न्यावा, असे मला वाटते.

सिव्हिलचीपाळी (४ डिसेंबर)

मी परिचारिका आहे. कृपा करून ही समजूत येथेच सोडून द्यावी. चिरा देऊ नये, तोंडाने ओढू नये, करकचून दोरी बांधू नये. चिरा दिल्याने विष बाहेर येत नाही. घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्त गोठणे थांबते, त्यामुळे तुम्ही दिलेली ती चीर वाहतच राहते आणि दवाखान्यात आम्हाला चाव्याबरोबर तुमचा चाकूही निस्तरावा लागतो. नाग आणि मण्यार यांच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. तेथे चिरा काय करणार? माणसाला धीर द्यावा, चालवू नये, चावलेला भाग फळीने स्थिर ठेवावा, अंगठ्या आणि घड्याळ उतरवावे आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात शक्य तितक्या लवकर पोचावे.

प्रथमोपचाराच्या पेटीत चाकूऐवजी बोथट टोकाची कात्री ठेवावी. उजनीकाठ यांनी सुजलेल्या गुडघ्यावरची पॅन्ट चाकूने कापली, हे वाचूनच माझ्या पोटात गोळा आला.

उजनीकाठ (४ डिसेंबर)

ताई, तेव्हा त्याच्याही पोटात आला होता. कात्रीचे पटले.

सातरस्ता (५ डिसेंबर)

एवढी उत्तरे येतील असे वाटले नव्हते. कलम ३१ मला खरोखर ठाऊक नव्हते. वासोट्याचा प्रश्न माझ्यापुरता तेथेच मिटला. परंतु अभयारण्याबाहेरचे गड आहेत, शेते आहेत, हुरड्याचे दिवस तोंडावर आहेत. तेव्हा कमरेला की पिशवीत, हा तिसरा प्रश्न अजून उभाच आहे.

कातळकडा (५ डिसेंबर)

पिशवीत. कारण सांगतो, आणि ते माझ्याच अंगावरचे आहे.

सहा वर्षांपूर्वी एका घाटवाटेने उतरताना माझ्या पट्ट्याला उजव्या बाजूला कातडी म्यानात साडेचार इंची चाकू लटकत होता. म्यान आदल्या दिवशीच्या पावसात भिजून मऊ पडले होते, हे माझ्या लक्षात आले नाही. घसरड्या मुरमावर पाय सुटला आणि मी कुल्ह्यावर आपटून दोन-तीन मीटर खाली गेलो. उठलो तेव्हा पॅन्ट ओली लागली. वाटले, बाटली फुटली. चाकूचे टोक म्यानाची शिवण उसवून मांडीत बोटाच्या पेराएवढे शिरले होते. मोठी रक्तवाहिनी थोडक्यात वाचली, असे टाके घालताना डॉक्टर म्हणाले. म्यान आत टणक आस्तराचे असावे आणि चाकू उलटा धरून झटकला तरी बाहेर पडू नये, एवढी परीक्षा घरीच घ्यावी. माझे म्यान त्या परीक्षेत पहिल्याच झटक्यात नापास झाले असते.

दोराच्या साहाय्याने उतरणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. उतरणीच्या यंत्रात केस किंवा सदरा अडकला तर सोडवण्यासाठी गिर्यारोहक चाकू बाळगतात, पण तो छोटा, मिटणारा आणि दोरीने हार्नेसला, म्हणजे कमरेच्या सुरक्षा-पट्ट्याला, बांधलेला असतो. ताणलेल्या दोराला धारेचा नुसता स्पर्श झाला तरी तो तुटतो. ज्याने हे कधी पाहिलेले नाही त्याने जुन्या दोराच्या तुकड्याला वजन टांगून जमिनीवर करून पाहावे. त्यानंतर कड्यावर कोणी उघडे पाते काढले की आपोआप ओरडायला होते.

भीमाकाठचा (५ डिसेंबर)

आता थोडे चाकूच्या बाजूने. स्वीडनचे पाते चांगले असेल, पण आमच्याकडे घिसाड्यांची पाले उतरतात तेव्हा मी ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा नेऊन देतो. रस्त्याकडेला भाता लावून नवरा सांडशीत पोलाद धरतो, बायको घण घालते आणि बोलत बोलत तासाभरात पाते तयार होते. पाणी देण्याआधी, म्हणजे तापलेले पाते एकदम थंड करून कठीण करण्याआधी, तो पात्याजवळ लोहचुंबक नेऊन पाहतो. चिकटले तर पुन्हा भट्टीत, चिकटेनासे झाले की लगेच तेलात. तापलेले पोलाद सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला दाद देईनासे होते, हे मला पुस्तकातून कळले. त्याला ते वडिलांकडून. मग घासून लखलखीत केलेले पाते निखाऱ्याच्या कडेला धरून ताव उतरवायचा, म्हणजे ठिसूळपणा घालवायचा. पिवळसर तपकिरी रंग चढला की बस, निळ्यावर गेले तर धार टिकत नाही.

सातरस्ता यांचे पातेही कार्बन पोलादाचेच आहे, म्हणून सांगतो. लिंबू कापून तसेच म्यानात घातले तर रात्रीतून तांबूस डाग पडतात. कापले की पुसावे, घरी आल्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. काही महिन्यांत पाते करड्या-निळ्या रंगाचे होते, त्याला घाबरू नये. तो थर गंजाला थोडा अटकाव करतो. पहिल्या काही वेळा कैरी चिरल्यावर फोडींना लोखंडी वास येतो आणि घरातून बोलणी खावी लागतात, तेवढी खावीत.

रानवाटा_२७ (५ डिसेंबर)

परदेशी चित्रफितींत पात्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड फोडतात. त्याला तरी न मिटणारा चाकूच लागेल ना?

उजनीकाठ (५ डिसेंबर)

लागेल. थंड, ओल्या प्रदेशात वरचे लाकूड भिजलेले असते आणि कोरडा गाभा मिळवण्यासाठी ओंडका फोडावा लागतो. ती युक्ती तेथली आहे. आपल्याकडे डिसेंबरात बाभळीची वाळकी काटकी पायाखाली आली तरी मोडते, आणि तिचा काटा चपलेतून आरपार जातो तो काढायला चाकूपेक्षा चिमटा बरा. शिवाय अभयारण्यात आग लावण्यास कलम ३० ची मनाई आहे. तेव्हा फोडलेल्या लाकडाचे करणार काय?

कडकभाकरी (५ डिसेंबर)

चित्रफीत काढणार. दुसरे काय?

सातरस्ता (२२ डिसेंबर)

काल रात्री परतलो. मोरा घरी कपाटात ठेवला आणि स्विस चाकूही काढून ठेवला. पंधरा वर्षांत प्रथमच उजवा खिसा हलका लागत होता. वनखात्याच्या तपासणीत पिशव्या उघडून प्लास्टिकच्या बाटल्या मोजल्या गेल्या. आमच्या पुढच्या गटातल्या एका तरुणाच्या पट्ट्याला हातभर म्यान होते. "हे काय?" एवढेच त्याला विचारण्यात आले. तो हसत "शोभेचे आहे" म्हणाला, तरी ते तेथेच ठेवून घेतले. आमचे म्होरके माझ्याकडे पाहून काहीच बोलले नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागले. परतीच्या लाँचची वेळ पाळायची असल्याने गडावर बाबुकड्याजवळ अर्धाच तास मिळाला. तेथेच जेवलो.

मोऱ्याचे उद्घाटन पुढच्या रविवारी मंगळवेढ्याकडे मित्राच्या रानात हुरड्याला करायचे आहे. तो पिशवीत तळाशी, जाड फडक्यात गुंडाळून, ताटवाट्यांबरोबर नेईन. लिंबू चिरून लगेच पुसायचे, हे लक्षात ठेवले आहे.

शेंगाचटणी (२२ डिसेंबर)

सगळे ठीक, पण नऊ जण, भाकरी, पिठले आणि चाकू एकही नाही. मग गडावर कांदा चिरला कशाने?

सातरस्ता (२२ डिसेंबर)

चिरला नाही. म्होरक्यांनी कातळावर ठेवून बुक्कीने फोडला. नऊ कांदे, नऊ बुक्क्या.